कुत्रं आडवं आलं

आमच्या फाट्यावर कुत्री मोजून चार होती. दोन हॉटेलच्या भट्टीमागे झोपायची, एक शाळेत खिचडीच्या वेळेला न चुकता हजेरी लावायचं आणि चौथं, कानाचा तुकडा गेलेलं म्हातारं, लिंबाजी तात्यांच्या पंक्चरच्या दुकानासमोर पडून असायचं. कागदांवर विश्वास ठेवायचा तर या चौघांनी गेल्या काही वर्षांत किती मोटारसायकली पाडल्या याला गणती नाही. प्रत्यक्षात त्यांतलं एकही कधी रस्त्याच्या मध्ये गेलेलं मी पाहिलं नाही. त्यांना रस्त्यात आणलं होतं तात्यांनी, आणि तेही फक्त कागदावर. त्यांतल्या बऱ्याच कागदांना अक्षर माझं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

मी फाट्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. अंबडहून रोज मोटारसायकलवर येणं-जाणं. घनसावंगीकडे जाणारा रस्ता आणि गावाकडून येणारा रस्ता जिथे मिळतात, तिथे वळणावर बाभळीची दाटी आहे, त्यामुळे येणारा-जाणारा एकमेकांना दिसत नाही. तात्यांचं दुकान बरोबर त्या वळणावर. धंद्यासाठी जागा चांगली शोधलीत, असं मी त्यांना एकदा चिडवलं होतं. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "सर, दुकान आधीचं हाय. रस्ता मंग रुंद झाला. तवापासून लोकं जल्दीत हायेत."

साठीचा माणूस. उंच, पाठीत जरा वाकलेला. पायजमा घोट्याच्या वर, अंगात बंडी, आणि बंडीच्या खिशात कायम खडूचा तुकडा. खडू माझ्याकडूनच न्यायचे. "दोन खडू द्या सर. लेकरांच्या हिश्शाचे न्हाई, तुमच्या हिश्शाचे." हे खडू अपघातासाठी. दोन गाड्या भिडल्या की तात्या हातातली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात तशीच सोडून धावायचे आणि कोणालाही गाड्या उचलू द्यायचे नाहीत. आधी माणूस बघायचे. माणूस धड असेल तर डांबरावर चाक घासल्याच्या खुणांना खडूने रेघ मारायचे, वाकून, डोळा बारीक करून. चूक कोणाची हे त्यांना त्या रेघांवरून कळायचं आणि ते सहसा चुकत नसत. पण कळलेलं ते लगेच सांगायचे नाहीत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पहिलं पाणी. मग गुळाचा खडा. मग दोघांनाही दुकानाबाहेरच्या जुन्या टायरांवर बसवायचं आणि विचारायचं, "गाव कोनतं? आडनाव? कोनाचे पाव्हने?" इथून खणायला सुरुवात. याची आत्या कुठे दिली, त्याच्या मामाचं गाव कोणतं, साडू कुठला. एकदा तर गडी पार परभणीकडचा होता. तात्यांनी अर्धा तास खणलं आणि शेवटी त्याच्या मावशीची नणंद घनसावंगीत दिल्याचं बाहेर काढलं. समोरचा घनसावंगीचाच. "आता बोला," तात्या म्हणाले, "पाव्हन्यावर केस करता का?" सोयरीक निघाली की भांडण अर्धं संपायचं. निघाली नाही असं मी एकदाही पाहिलं नाही.

एकदा एक दूधवाला आणि एक बँकेतले साहेब भिडले. दोघांचंही खरचटण्यावर निभावलं, पण गाड्यांची मोडतोड झाली आणि दोघांचेही आवाज चढले. तात्यांनी रेघा मारल्या, गूळ दिला, सोयरीक खणली आणि निकाल दिला. याची गाडी त्यानं दुरुस्त करायची, त्याची यानं. आणि दुरुस्त झाल्यावर एक दिवस दोघांनी एकमेकांची गाडी चालवायची, बराबर झाली का बघायला. त्यानंतर बँकेतले साहेब किटल्या अडकवलेल्या गाडीवर सकाळी शाळेसमोरून गेलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ते साहेब त्याच दूधवाल्याचं गिऱ्हाईक झाले.

या कामाचा तात्यांनी कधी एक रुपया घेतला नाही. कोणी द्यायला लागलं तर रागवायचे. "पंक्चरचे द्या. तोंडाचे कशाला देता?"

डोक्याला मार असला, टाके पडायचे असले की सरकारी दवाखाना आलाच. तिथे अपघात म्हटलं की नोंद, नोंद म्हटली की पोलीस. म्हणून दवाखान्याच्या दारात तात्या पेशंटच्या कानात सांगायचे, "कसं पडला विचारलं, तर कुत्रं आडवं आलं म्हनायचं." आडव्या आलेल्या कुत्र्यावर गुन्हा दाखल होत नाही. शेवटी शेवटी तर तिथला नोंद घेणारा तात्यांना दारात बघूनच विचारायचा, "कुत्रंच ना?" आम्ही यावर पोट धरून हसायचो. मी घरी बायकोलाही सांगितलं होतं आणि तीही हसली होती.

मग आपसात मिटल्याचा कागद. तो मी लिहायचो, मधल्या सुट्टीत, फुलस्केपवर. मजकूर तात्यांचा. त्यात एक वाक्य कायम असायचं आणि त्या वाक्याचा त्यांना अभिमान होता. 'सदर रक्कम माणुसकीच्या नात्याने मदत म्हणून दिली आहे.' चूक कोणाची हे कागदावर यायचं नाही, तिथेही कुत्रंच आडवं यायचं. "चूक लिवली की मानूस आखडतो सर. मानुसकी लिवली की देतो," असं ते म्हणायचे. मला ते वाक्य फार आवडायचं. 

विम्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. इमा म्हणजे पोलिसांनी अडवल्यावर दाखवायचा कागद. तो काढायचा, डिकीत ठेवायचा, संपलं. दुसऱ्याच्या गाडीने आपल्याला उडवलं तर त्या गाडीचा विमा आपल्याला भरपाई देतो, हे त्यांना माहीत नव्हतं. आता खरं सांगायला काय हरकत आहे, मी बी.एड. झालेला माणूस, दरवर्षी हप्ता भरत होतो आणि मलाही नीट माहीत नव्हतं. आमच्या भागात सगळ्यांची समजूत तीच होती. क्लेम करायचा म्हणजे पोलिसात द्यायचं, पोलिसात द्यायचं म्हणजे समोरच्याला आत टाकायचं. आणि समोरचा तर पाव्हणा निघालेला असायचा.

कोर्टाचं नाव काढलं की तात्यांना त्यांचा थोरला भाऊ आठवायचा. त्याला जीपने उडवलं होतं, केसही केली होती. काठी टेकत, एसटीने, तारखेला जालन्याला जायचा. जाता जाता एके वर्षी गेला. तात्या म्हणायचे, "कोर्टाची पंगत चांगली असन सर. पर पान वाढूस्तोवर मानूस उठून जातो."

भागवत हा आमच्या फाट्यावरचा मोटार भरणारा. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणारा. तात्यांच्या शेजारच्या शेडमध्ये बसायचा. तांब्याच्या तारेचे फेरे मोजत असला की बोलायचा नाही, फक्त बोट वर करायचा, थांबा म्हणून. फेरा एक कमी नाही, एक जास्त नाही. त्याने भरलेली मोटार पुन्हा जळत नाही म्हणून लांबून लोक यायचे. त्याची बायको सुनंदा, दोन मुली. दोन्ही मुली माझ्याच शाळेत.

त्या दिवशी भागवत दुकान बंद करून गावाकडे वळत होता. समोरून नानासाहेब आले. नानासाहेब गावातलेच, सरळ माणूस, मुलीचं लग्न आठ दिवसांवर. पत्रिका वाटत फिरत होते. उशीर झाला म्हणून वळणावर गाडी तशीच दामटली आणि भागवतच्या गाडीला समोरून धडकले. मी शाळेतून पळत गेलो तेव्हा रस्ताभर पत्रिका पसरलेल्या होत्या आणि नानासाहेब त्या गोळा करत रडत होते. भागवत उठून बसला होता. डोक्यातून रक्त येत होतं, पण बोलत होता.

तात्यांनी खडू काढला. रेघा मारल्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "समदी चूक नानाची हाय."

इथे सोयरीक खणायची गरजच नव्हती. नानासाहेबांची बायको सुनंदाच्या माहेरची. सुनंदा त्यांना मामा म्हणायची. ती धावत आली तेव्हा तात्या तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पोरीच्या हळदीला बाप पोलीस ठेसनात बसवायचा का? खर्चा नाना करतोय. आपसात मिटवू." सुनंदाने भागवतकडे बघितलं. भागवत म्हणाला, "मिटवा तात्या. मला काय झालंय?"

दवाखान्यात कुत्रं आडवं आलं. पाच टाके पडले. चौथ्या दिवशी मी कागद लिहिला, माणुसकीच्या नात्याने. नानासाहेबांनी ठरलेले सगळे पैसे त्याच बैठकीत दिले. सुनंदाने सही केली, भागवतने सही केली, भजी आली. लग्नाला आम्ही सगळे गेलो. भागवत डोक्याला पट्टी बांधून पंगतीत वाढत होता.

दीड महिन्यानंतर त्याचं डोकं दुखायला लागलं. मग एका दुपारी तार मोजता मोजता तो थांबला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला. तिसऱ्यांदा एकपासून मोजायला लागला तेव्हा तात्या उठून शेडमध्ये गेले. तोवर भागवत खाली पडला होता.

संभाजीनगरला नेलं. मेंदूजवळ रक्त साकळलं होतं, हळूहळू. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण घरी आला तो अर्धा. उजवा हात उचलत नव्हता आणि डोक्यात काही टिकत नव्हतं. आत्ता जेवलेलं विसरायचा. पुढे आणखी एक ऑपरेशन करायला लागेल, रोज व्यायाम करून घेणारा माणूस लागेल, म्हणजे हात तरी येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेही पहिल्या वर्षात. नंतर उपयोग नाही.

तात्या नानासाहेबांकडे गेले. त्यांनी आणखी थोडे दिले, मग हात जोडले. "तात्या, तुमच्यासमोर मिटलंय. तवा मानुसकीनं दिलं, आताबी मानुसकीनं दिलं. आता न्हाई होत." ते खोटं बोलत नव्हते. लग्नाने ते स्वतःच वाकले होते.

मग कोणीतरी सांगितलं की नानासाहेबांच्या गाडीचा विमा चालू होता. विम्यातून भागवतचं सगळं झालं असतं, नानासाहेबांना खिशातून काही द्यावंही लागलं नसतं आणि लग्नही झालं असतं. जालन्याच्या वकिलाने हे समजावून सांगितलं तेव्हा मी तात्यांसोबत होतो. तात्यांनी त्याला तीनदा विचारलं, "म्हंजी नानाला काहीच झालं नसतं?" थोडीफार केस झाली असती, जामीन झाला असता, वकील म्हणाला, पण पैसे कंपनीने दिले असते. बाहेर आल्यावर तात्या कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

त्या संध्याकाळी सुनंदा दुकानात आली. तिने आरडाओरड केली नाही. म्हणाली, "तात्या, तुम्ही म्हनले मिटवा, म्या मिटवलं. आता उघडायचं कसं, ते तुम्हीच सांगा."

"खरं सांगून," तात्या म्हणाले.

पोलिसांत उशिरा तक्रार दिली, मुदतीत दावा लावला. विमा कंपनीचं म्हणणं एकच. दवाखान्याच्या कागदावर कुत्रं आहे, मोटारसायकल नाही. ही मोटारसायकल पैशासाठी नंतर घुसवली. नानासाहेबांनीही घाबरून जबाबात कुत्रंच सांगितलं. त्यांना वाटलं, आता कबूल केलं तर आधी खोटं बोललो म्हणून धरतील.

उरले साक्षीदार दोन. तात्या आणि मी. वकिलाने मला विचारलं. मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, सरकारी नोकर आहात, खोटा कागद मी लिहिला असं कोर्टात सांगणार का? मी वकिलाला बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय हे त्यालाही कळतं, त्याने पुन्हा विचारलं नाही. मी साक्ष दिली नाही. ही माझी गोष्ट नाही, म्हणून एवढ्यावरच सोडतो. पण ती माझी भीती होती, दुसऱ्या कोणाची नाही.

तात्यांच्या साक्षीला मात्र मी रजा टाकून गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले होते. घडलं तसं सगळं सांगितलं. वळण, पत्रिका, रेघा. ऐकताना मला वाटलं, काम झालं. मग कंपनीचा वकील उठला. तरुण होता, मऊ बोलायचा.

"बाबा, दवाखान्यात कुत्रं आडवं आलं असं तुम्हीच सांगितलं?"

"व्हय."

"ते खोटं होतं?"

"व्हय, खोटं व्हतं."

"असं याच्याआधी कधी सांगितलं होतं?"

भागवतच्या वकिलाने हरकत घेण्याआधीच तात्या बोलून गेले. "लई डाव सांगितलं साहेब."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाई."

"दर वेळी खोटं?"

"दर येळी. पर ते भांडन मिटवायला. आज मी खरं सांगून राह्यलो."

"म्हणजे दुसऱ्याचं भलं होणार असेल तर तुम्ही सरकारी दप्तरात खोटं सांगता?"

तात्यांनी विचार केला. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. भागवतच्या वकिलाने तर आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं, आधीच्या अपघातांचं काही बोलू नका. पण खरं सांगायचं ठरवून आलेला माणूस त्यातलं अर्धंच कसं सांगणार?

"व्हय," तात्या म्हणाले.

"आज भागवतचं भलं व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

"मंग? काहून न्हाई वाटनार?"

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं. पिंजऱ्यातून उतरताना तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराबर बोललो ना, अशा नजरेने. मी मान हलवली. बसमध्ये ते मला म्हणाले, "पोरगं गुनी हाय बरं का त्यो वकील. एकदाबी आवाज चढवला न्हाई." त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. मला सांगवलं नाही. त्यांना ते निकालाच्या दिवशी कळलं.

दावा फेटाळला. त्या मोटारसायकलने अपघात झाला हे सिद्ध होत नाही. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्यासमोर जे कागद होते ते आम्हीच लिहिले होते. माणुसकीच्या नात्याने हे शब्दही निकालात आले होते, माझ्या अक्षरातले. मदत होती, भरपाई नव्हती. वरच्या कोर्टात जाता येईल असं वकील म्हणाला. सुनंदा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष तर केव्हाच उलटून गेलं होतं.

त्यानंतर तात्यांनी फाट्यावरचं एकही भांडण मिटवलं नाही. अपघात व्हायचे. तात्या जायचे, जखमीला पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "पोलिसाला फोन लावा. घडलं तसं सांगा." लोकांना ते आवडायचं नाही. म्हातारा बिघडला, असं म्हणायला लागले. हॉटेलवाला आता मिटवून देतो. तो पैसे घेतो.

माझी बदली टेंभुर्णीकडे झाली. निरोप घ्यायला दुकानावर गेलो तर शटर खाली. हॉटेलवाला म्हणाला, "ते भागवतकडं असतेत दुपारचं." मी गावात गेलो.

भागवत ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. तात्या त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याचा उजवा हात धरून वर-खाली करत होते. आता याचा उपयोग नाही, हे त्यांना डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. भागवतने मला ओळखलं नाही. तात्यांना मात्र तो ओळखत होता. त्याच्या डोक्यात अपघातानंतरचे ते चार दिवस तेवढे राहिले होते आणि तो त्या चार दिवसांत बसून होता.

"तात्या, मिटलं का?" त्याने विचारलं. चेहरा अगदी हसरा.

"न्हाई मिटलं, भागवत."

"मंग नानाला बोलवा की. बसू. मिटून जाईन."

"व्हय."

हात वर, हात खाली. मी बदलीचं सांगितलं. तात्या म्हणाले, "चांगलं झालं सर, घरच्यांना घेऊन जा." तेवढ्यात भागवतने पुन्हा विचारलं, तसंच, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

"तात्या, मिटलं का?"

"न्हाई मिटलं."

भागवतचा चेहरा पडला. मग दोन क्षणांत तो ते विसरला. सुनंदा आतून चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे ठेवत तात्यांना म्हणाली, "मिटलं म्हना ना तात्या. दिवसातून धा डाव इचारतेत. मिटलं म्हनलं की किती खूस व्हतेत. म्या म्हनते, माझ्यावर इस्वास न्हाई त्यायचा. तुम्ही म्हनलं तर बसंल."

तात्यांनी भागवतचा हात हळूच त्याच्या मांडीवर ठेवला. तिच्याकडे पाहिलं नाही.

"निघत न्हाई बाई तोंडातून," ते म्हणाले. "लई डाव येतं व्हटावर. निघत न्हाई."

सुनंदाने पदराने भागवतच्या तोंडाची लाळ पुसली आणि आत गेली. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठलो. रस्त्यापर्यंत पोचलो तेव्हा मागून भागवतने हसऱ्या आवाजात तेच विचारलं आणि त्यामागोमाग तात्यांनीही तेच उत्तर दिलं.